पाचमिनिटे

"फक्त पाच मिनिटं, ड्रायव्हर बदलतो," असं कानावर आलं की आम्ही वांगणीच्या शेतात सतरंजीवर आडवे होतो. गृहस्थांचं खरं आडनाव वेगळं आहे. आकाशाचे फोटो काढणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये मात्र ते पाचमिनिटेच.

मृग नक्षत्र पूर्वेला उगवतं, तेव्हा यांच्या लॅपटॉपवर 'कॅमेरा नॉट कनेक्टेड'. तासाभराने कॅमेरा सापडतो, पण यादीत ड्रायव्हर दोन : एक कंपनीचा, एक ॲस्कॉमचा. "ग्रहांच्या व्हिडिओला कंपनीचाच बरा, तेजोमेघाला कुठलाही चालतो," असं स्वतःच सांगून ते दोन्ही आलटूनपालटून लावतात. पाच मिनिटं. मग चित्र येतं ते हिरवंगार, म्हणजे बेयर पॅटर्न चुकला. पाच मिनिटं. मग फ्रेम अर्ध्यातच फाटतात. यूएसबी ट्रॅफिक कमी करा, हब काढा, केबल थेट लॅपटॉपला लावा. पाच मिनिटं! मृगातल्या तेजोमेघाचा प्रकाश सुमारे १,३०० वर्षं चालत आलेला, आणि अडला कुठे, तर यांच्या केबलपाशी.

एकदा कॅमेऱ्याचा कूलर आणि दवाचा हीटर त्यांनी गाडीच्याच बॅटरीवर चालवला. सेन्सर उणे १० अंशांवर गेला आणि पहाटे गाडीही थंड पडली. आम्ही मागून ढकलतोय आणि आतून आवाज, "पाचच मिनिटं!"

गेल्या हिवाळ्यात एकाने स्मार्ट दुर्बीण आणली. खरोखरच पाच मिनिटांत तेजोमेघ मोबाइलवर. पाचमिनिट्यांनी तो बराच वेळ न्याहाळला.

"छान. ऑफसेट किती ठेवलाय?"

"काका, यात ते दिसतच नाही."

"मग बिघडलं तर उघडायचं काय?"

सांगायला जिवावर येतं, पण एखादा नवखा पोरगा रडकुंडीला आला की हे आपली दुर्बीण तशीच टाकून उठतात. पोराचं दुसरं सॉफ्टवेअर मागे उघडंच असतं, कॅमेरा त्याने धरून ठेवलेला. ते बंद करायचं, ऑफसेट वर घ्यायचा. "शून्यावर ठेवलास तर अंधारातलं बारीकसारीक कापलं जातं रे." पोराचं पहिलं चित्र येईपर्यंत हे थंडीत उभे, आणि तोवर मृग पश्चिमेला कललेला.

ग्रुपच्या कॅलेंडरवर यांचा एकही फोटो नाही. बाराही महिने आमचे आहेत. गेन आणि ऑफसेट मात्र बाराही फोटोंना त्यांनीच लावून दिलेले.