आठवड्याला दोन सुया

अमेरिकेतली 'पुरुषांचं आरोग्य' सांभाळणारी क्लिनिकं टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या तरुणांच्या हाती गोनाडोरेलिनच्या बाटल्या देतात. आठवड्यातून दोनदा टोचून घ्या, वृषणं आक्रसणार नाहीत, शुक्राणू शाबूत राहतील, असं सांगतात. हे चूक आहे, आणि चूक का, ते १९७८ पासून ठाऊक आहे.

गोनाडोरेलिन हे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचं संप्रेरक, जेमतेम दहा अमिनो आम्लांचं. अँड्र्यू शॅली यांच्या गटानं लाखाहून जास्त डुकरांचे हायपोथॅलॅमस वाटून ते वेगळं केलं, १९७१मध्ये त्याची रचना मांडली. १९७७चं नोबेल त्यांना आणि हेच काम मेंढ्यांवर करणाऱ्या रॉजर गिलमाँ यांना मिळालं. पण माझ्या लेखी खरा शोध पिट्सबर्गच्या अर्न्स्ट नोबिल यांचा. १९७८मध्ये, हायपोथॅलॅमस निकामी केलेल्या माकडिणींना त्यांनी हे संप्रेरक तासातून काही मिनिटंच दिलं, आणि बीजकोशांना-वृषणांना हुकूम सोडणारी पीयूषिका ग्रंथी कामाला लागली. तेच अखंड धारेनं दिलं, तर ग्रंथी गप्प झाली. पुन्हा तासावर आणलं, की पुन्हा बोलती. प्रोस्टेट कॅन्सरमध्ये याच घराण्यातलं ल्युप्रोलाइड देतात, ते ग्रंथीला असं गप्प बसवण्यासाठीच.

म्हणून खरा उपचार पंपानं होतो. अंगावर बांधलेला छोटा पंप दीड-दोन तासांनी एक ठोका देतो, रात्रीसुद्धा. हायपोथॅलॅमस थंडावल्यामुळे पाळी गेलेल्या बाईला त्यानं बीज सुटतं, बहुधा एकच, त्यामुळे जुळ्या-तिळ्यांची धास्ती कमी. कालमन सिंड्रोम, म्हणजे जन्मतःच या संप्रेरकाची उणीव, असलेल्या मुलग्यांना तो महिनोन्‌महिने बांधावा लागतो, तेव्हा कुठे शुक्राणू दिसतात. कटकटीचा उपचार आहे, पण प्रामाणिक आहे.

आपल्याकडे उलटणाऱ्या, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहणाऱ्या, गाईला रेतनाच्या वेळी याच घराण्यातलं इंजेक्शन देतात. तिथे एक सुई पुरते, कारण एकदाच बीज सुटायचं असतं. पुरुषाचं काम रोजचं. त्याच्या मेंदूतून साधारण दोन तासांनी एक, म्हणजे आठवड्याला ऐंशीच्या वर ठोके जातात. बाटलीतून जातात दोन, आणि औषध रक्तात काही मिनिटांत विरतं.

मग क्लिनिकं हे विकायला का लागली? पूर्वी ती एचसीजी हे संप्रेरक देत. ते थेट वृषणावर काम करतं, दिवस-दीड दिवस टिकतं. २०२०मध्ये तिथले नियम बदलले, मागणीप्रमाणे औषधं तयार करून देणाऱ्या फार्मसींना एचसीजी बनवता येईना. रिकाम्या फळीवर गोनाडोरेलिन आलं. ते बसतं का, हे पाहायला हवं होतं.

बाहेरचं टेस्टोस्टेरॉन मेंदूचे ठोके थांबवतं आणि शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. ज्याला पुढेमागे मूल हवंय, त्यानं ते सुरू करण्याआधीच वीर्य तपासून घ्यावं. सुई घेतोय म्हणून निर्धास्त राहिलेल्याला हे कळतं ते लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी, तोवर बायकोच्या सगळ्या तपासण्या करून झालेल्या असतात.