कॅमेऱ्याची गोळी

"काकू, ते सुकटीचं सूप राहू दे उन्हात, जरा इकडे या."

"काय गं, कुणाचं काय झालं?"

"आमच्या मोठ्या भाऊजींचं. शौचातून रक्त पडत होतं नि हे मूळव्याध समजून चूर्ण खात बसले. शेवटी बोरिवलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, नळी घालून आतडं बघू. तर हे अडून बसले, नळीबिळी नको, कॅमेऱ्याची गोळी द्या!"

"कॅमेरा गिळायचा?"

"पाण्याबरोबर. सव्वा इंच लांब. दोन्ही टोकांना कॅमेरा नि दिवा, फोटो काढत पुढे सरकते. कमरेच्या पट्ट्यावरचं यंत्र सगळं टिपून घेतं. क्षेपणास्त्रांवर काम करणाऱ्या एका इस्रायली इंजिनिअरच्या डोक्यातलं हे. 2001 साली अमेरिकेत मंजुरी मिळाली ती लहान आतड्यासाठी, मोठ्या आतड्याची गोळी नंतर आली."

"आणि मग ती... परत?"

"पडते बाहेर आपोआप. एकदाच वापरायची हो, धुवून पुढच्याला नाही देत!"

"शी! मी कुठे तसं म्हणाले?"

"तोंडावर दिसत होतं तुमच्या."

"मग दिली का गोळी?"

"कुठली! ती नुसती बघते. आत गाठ दिसली तर काढता येत नाही, तुकडा तपासायला घेता येत नाही. म्हणजे पुन्हा नळी आलीच, खर्च दोनदा. आतडं कुठे अरुंद असेल तर अडकून बसायची भीती वेगळीच. ज्यांच्यात नळी पूर्ण पोचत नाही, त्यांना ती कामाची. आणि जुलाबाचं औषध काही चुकत नाही. उलट गोळी गिळल्यावरही वर आणखी प्यावं लागतं. नळीने उरलंसुरलं पाणी ओढून तरी घेता येतं."

"अगं, ते पिऊन बोईसरहून जायचं कसं?"

"तेच ना! 2013 साली डहाणूपर्यंत लोकल आली म्हणून सगळे खूश, पण तिच्यात संडास कुठाय? विरारसुद्धा गाठणं कठीण."

"गाडी करा मग."

"आणि वर्सोव्याच्या पुलावर अडकलो म्हणजे? त्यापेक्षा आदल्या दिवशीच नणंदेकडे मुक्काम. तिच्याकडे माणसं सहा, संडास एक. सकाळी सगळ्यांना बाहेर पिटाळणार आहे म्हणे ती."

"आणि भाऊजी काय म्हणतात?"

"अजून तेच. गोळीचं बघा ना काहीतरी."