अंगठ्याचे पुनरागमन

संकेतस्थळ उघडताच पडद्याच्या तळाशी जी पट्टी उगवते आणि पुढचा मजकूर अडवून ‘स्वीकारा’ किंवा ‘नाकारा’ असा कौल मागते, तिला कुकी-संमतीची पट्टी म्हणतात. यातील कुकीचा बेकरीशी संबंध नसून, ती संकेतस्थळाने पाहुण्याच्याच ब्राउझरमध्ये ठेवलेली बारीक नोंद असते, जिच्यामुळे तो पुन्हा आला की ओळखू येतो. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी ही युक्ती योजली. कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या गावात हे काम किराणा दुकानदार उधारीच्या वहीत आणि उरलेले डोक्यात करतो, आणि कोणाच्या घरी चहापत्ती वाढली, म्हणजे पाहुणे आले, म्हणजे कोणाचे जमत आले, हे कोणाच्याही संमतीवाचून सांगू शकतो.

अशा गावातील शेतकऱ्याने अद्रकाचे बेणे विकण्यासाठी संकेतस्थळ काढले, असे गृहीत धरल्यास, त्याच्यावर अचानक, विचारल्यावाचून नोंद न ठेवण्याच्या संकोचाची जबाबदारी येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ‘कुकी’ हा शब्द कोठेही नाही. मात्र संमती मुक्त, विशिष्ट, समजून दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणे सोपे असावे आणि सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचता यावी, असे त्यात म्हटले आहे. सोयऱ्यांच्या बैठकीत यांपैकी एका विशेषणाला जरी पुरून उरेल असा होकार मिळाला, तरी तो तालुक्यात चर्चेचा विषय ठरेल. पट्टी बसवणारे मात्र बहुधा चित्रापुरतीच बसवतात: माग काढणाऱ्या कुकीज आधीच ठेवून झालेल्या असतात आणि मग परवानगी मागितली जाते, जे अक्षता पडल्यावर मुलीला पसंती विचारण्यासारखे आहे. पट्टी खरी तेव्हाच, जेव्हा उत्तर येईपर्यंत त्या कुकीज उंबऱ्याबाहेर थांबतात.

न वाचता दिलेल्या संमतीचा महाराष्ट्राला जुना अनुभव आहे. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, कारण त्यांवर अंगठा त्यांचा असला तरी मजकूर सावकाराचा होता. त्यानंतर १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने असे दस्त गावच्या निबंधकासमोर लिहून, वाचून दाखवून मगच सही घेण्याची व्यवस्था केली. (पिशोर तेव्हा निजामाच्या मोगलाईत असल्याने या सोयीस मुकले.) पुढे साक्षरतेच्या मोहिमांनी अंगठा हद्दपार केला, आणि मोबाइलने त्याला सन्मानाने परत बोलावले, फरक एवढाच की पूर्वी वाचता न येणारा अंगठा उठवी, आता पदवीधर उठवतो, शाईही लागत नाही, आणि जाळायला कागदही उरत नाही. ‘स्वीकारा’ हिरवेगार व ठसठशीत, तर ‘नाकारा’ राखाडी आणि इतके पुसट की मोडी लिपी त्यापेक्षा सुबोध वाटावी, ही रचनाही सावकारी अभिजाततेचीच म्हणावी लागेल.

१८७९ च्या निबंधकाचे पद आता घरोघरच्या नातवाकडे आले आहे; आजोबांनी चष्मा कपाळावर चढवून “काय लिहिलंय रे त्यात?” असे विचारले, की तो आपल्या मोबाइलवरून नजर न उचलता कायदेशीर अभिप्राय देतो, “काही नाही आबा, दाबा.”