तुडतुड्यांचा उष्टा चहा

आपल्याकडे चहाचं श्रेय आणि चहाचा दोष, दोन्ही गॅसपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या खात्यावर जमा होतात. चहा फक्कड झाला तर "आज चहा कोणी केला?" आणि पांचट झाला तरी "आज चहा कोणी केला?" प्रश्न तोच, सूर वेगळा. पानं कुठून आली, कोणी खुडली, कोणत्या महिन्यात खुडली, याची चौकशी कुणी करत नाही, आणि करायची गरजही नसते. १९३० च्या सुमारास आसामात पानं चिरडून, फाडून त्यांच्या गोळ्या वळणारं सीटीसी यंत्र आलं आणि आज भारतातला बहुतांश चहा त्यातूनच बाहेर पडतो. दुधात पडल्यावरही हार मानायची नाही, एवढंच त्या दाण्यांकडून अपेक्षित असतं. पुढचं आलं, वेलची, साखर आणि किती उकळ्या फुटू द्यायच्या, हे सगळं करणाऱ्याचं कर्तृत्व.

एका मित्राने दार्जिलिंगहून आणलेलं ऊलाँगचं पाकीट हातात ठेवलं आणि हे कर्तृत्वच धोक्यात आलं. यात दूध नाही, साखर नाही, आलं तर नाहीच, आणि उकळायचंही नाही. मग मी करायचं काय? काही नाही. जे करायचं ते तिकडे आधीच कुणीतरी करून ठेवलेलं असतं. आपण फक्त ते बिघडवायचं नाही. स्वयंपाकघरात असं बिनखात्याचं मंत्रिपद मिळालेला माणूस जरा अस्वस्थ होतो.

ऊलाँग मुळात चीनच्या फूच्येन प्रांतातली आणि समुद्रापलीकडच्या तैवानची कारागिरी. दार्जिलिंगला चहाची झुडपं आली तीही चिनी वाणाची, डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी १८४१ मध्ये आपल्या बंगल्याच्या बागेत बिया लावून पाहिल्या, त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत मळे उभे राहिले. झाड चिनी, डोंगर हिमालयाचा आणि गिऱ्हाईक विलायती, त्यामुळे तिथे काळा चहाच होत राहिला. ऊलाँग आजही काही मळे थोडाथोडाच करतात, घरात एखाद्याने वेळ काढून चकल्या कराव्यात तसा.

त्यातली मेख आहे थांबण्यात. खुडलेली पानं आधी कोमेजू देतात. मग ती घोळतात, हलवतात, पुन्हा निजवून ठेवतात, त्यात पानांच्या कडा खरचटतात. पानाच्या रसाला हवा लागली की त्यातली विकरं कामाला लागतात; कापलेलं सफरचंद तांबूस पडतं तेही असल्याच विकरांमुळे. ग्रीन टीवाले त्यांना कामच करू देत नाहीत, आल्या आल्या पान तापवून विकरं मारून टाकतात. काळ्या चहावाले त्यांना शेवटापर्यंत जाऊ देतात. ऊलाँगवाला मध्येच कुठेतरी आच देऊन सगळं थांबवतो. आता मध्ये म्हणजे कुठे? दहा-पंधरा टक्क्यांपासून सत्तर-ऐंशीपर्यंत कुठेही. पानाचा वास तासातासाने बदलत असतो, आधी कच्च्या गवताचा, मग फुलांचा, मग फळांचा. त्यावर नाक ठेवून कारखान्यात एक माणूस जागा असतो, आणि तो कधीतरी म्हणतो, आता पुरे. आमच्या चहाचं श्रेय खरं तर या जागरणाला.

गंमत म्हणजे दार्जिलिंगचा मार्च-एप्रिलमधला जो नावाजलेला फर्स्ट फ्लश 'काळा चहा' म्हणून जातो, त्याची पानं इतकी कोमेजवतात की त्यांत पुरेसं पाणीच उरत नाही, आणि विकरांचं काम आपोआप अर्ध्यावर अडतं. म्हणून तो डब्यात हिरवट दिसतो. कागदोपत्री काळा, पण नातं ऊलाँगशी. असे चुलते आपल्याकडेही असतात.

पाकिटावर पाण्याचं तापमान लिहिलं होतं, नव्वद ते पंच्याण्णव अंश. घरात थर्मामीटर काढावा लागतो तो ताप मोजायला, आणि तोही बेचाळीसपर्यंतच जातो. पण थोडा विचार केला तर हे आकडे उगाच नाहीत. दार्जिलिंग दोन हजार मीटरवर. तिथे पाण्याला त्र्याण्णव अंशांच्या आसपासच उकळी फुटते. म्हणजे तिथला माणूस किटली खळखळ उकळून सरळ ओततो आणि बरोबर चहा पितो. पुण्यात तेच पाणी अठ्ठ्याण्णवपर्यंत चढतं. वरचे चार-पाच अंश आपणच फुंकून टाकायचे, म्हणजे गॅस बंद करून मिनिटभर झाकण उघडं ठेवायचं. एवढं एक काम तरी करणाऱ्याच्या वाट्याला आलं.

चिनी लोक यासाठी झाकणाची छोटी वाटी वापरतात. आमच्या शोकेसमध्ये लग्नात आलेला टी-सेट आहे, त्यातलं साखरेचं भांडं अगदी त्या मापाचं निघालं. पानं भरपूर घ्यायची, दीडशे मिली पाण्याला पाच ग्रॅम, आणि पाऊण मिनिटात गाळून टाकायचं. मग त्याच पानांवर पुन्हा पाणी, पुन्हा पाऊण मिनिट, आणि पुढे दर खेपेला थोडं जास्त.

नेमके तेव्हा यवतमाळहून आत्या आणि आतोबा आलेले होते. आत्याने पहिल्या खेपेचा पिवळसर द्राव पाहिला आणि म्हणाली, "आधण छान झालंय. आता पावडर टाक." हाच चहा आहे म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला पुण्याचा इतिहासच आठवला. १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे आणि इतर मंडळींसमोर चहा आला, त्यावरून ग्रामण्य होऊन प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. त्या चहात काय पडलं होतं याची नोंद मला कुठे दिसलेली नाही. बिनदुधाचा असता तर प्रायश्चित्त थोडं वाढलं असतं, असं आत्याच्या चेहऱ्यावरून वाटलं.

आतोबांनी काही न बोलता बशी मागितली. बशीत चहा ओतला, दोन्ही हातांनी उचलली आणि पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल असा फुर्रर् केला. आत्या दर वेळी यावर डोळे वटारते. पण चहाचे व्यावसायिक चाखणारे अगदी हेच करतात. चमच्यातला चहा ते जोरात हवेसकट ओढतात, म्हणजे त्याचा फवारा जिभेवर सगळीकडे बसतो आणि वास आतल्या बाजूने नाकापर्यंत चढतो. तोंड मिटून शिष्टपणे घोट घेणाऱ्याला ऊलाँग अर्धाच कळतो. आतोबांची बशी म्हणजे थेट कोलकात्याच्या लिलावाआधीची खोली. हे मी आत्याला सांगितलं. "मग तिकडेच नोकरी करा म्हणावं," ती म्हणाली.

चव सांगायची तर जिभेवर आधी काहीच येत नाही, नुसतं मऊ, गरम. मग घोट खाली गेल्यावर मागून पिकलेल्या फळाचा वास उलटा वर येतो. पाकिटावर पीच लिहिलं होतं. पीच आम्ही पाहिलंय ते ज्यूसच्या खोक्यावर. आत्याला दुसऱ्या खेपेत मनुकांचा वास आला, आणि मला वाटतं तिचंच बरोबर होतं. दुसरी खेप पहिलीपेक्षा चढ लागते, कारण पान तोवर पुरतं उलगडलेलं असतं. तिसऱ्या खेपेला फळ मागे सरून थोडी मधासारखी तुरट गोडी उरते. कडू होत नाही. साखर का घालत नाहीत, हे इथे कळतं.

ओली पानं मी बशीत पसरून दाखवली. वाळलेली असताना ती काळ्या-तपकिरी काड्यांसारखी होती. आता अख्खी दोन पानं आणि मधली मिटलेली कळी, देठासकट. पानाची कड विटकरी, मधला भाग अजून हिरवट. कडेपासून आत रंग कुठे थांबलाय ते स्पष्ट दिसत होतं. आतोबांनी चष्मा चढवून एक पान उजेडाकडे धरलं. "हे टोक वाळलेलं आहे. किडीनं खाल्लंय काय?"

पंचेचाळीस वर्षं कपाशीची पानं अशीच उलटून पाहिलेली नजर. आणि इथे मला सांगावंच लागलं की हो, किडीनेच. मे-जूनमध्ये दार्जिलिंगच्या मळ्यांवर तुडतुडे येतात, पाठोपाठ फुलकिडे. कोवळ्या पानांतला रस शोषतात. पान आखडतं, पिवळं पडतं, आणि स्वतःच्या बचावासाठी एरवी करत नाही अशी सुगंधी द्रव्यं तयार करतं. त्यातली काही हवेत जाऊन तुडतुड्यांच्या शत्रूंना बोलावतात असंही संशोधकांचं म्हणणं आहे. दार्जिलिंगच्या उन्हाळी चहाला जो द्राक्षांसारखा वास येतो, ज्यासाठी जपान-जर्मनीची गिऱ्हाइकं पैसे मोजतात, त्यात या चावण्याचा वाटा मोठा. तैवानमध्ये तर या चावलेल्या पानांचा एक वेगळा ऊलाँगच होतो, 'पूर्वेची सुंदरी' या अर्थाच्या नावाने जगभर विकला जातो. तुडतुडे यावेत म्हणून तिथले शेतकरी फवारणी करत नाहीत.

"फवारणी करत नाहीत," आतोबा सावकाश म्हणाले. कपाशीवर तुडतुडे दिसले की पानं लाल पडून आकसतात, आणि कर्ज काढून औषध आणावं लागतं. त्या औषधाच्या विषबाधेने त्यांच्या जिल्ह्यात २०१७ मध्ये शेतकरी-शेतमजूर दगावले होते. तो विषय कुणी काढला नाही.

"म्हणजे उष्टा चहा पाजला आम्हाला," आत्या म्हणाली. "शबरीच्या बोरांसारखा."

"शबरी बोरं चाखत होती," आतोबा म्हणाले. "पिकावर पडली नव्हती."

चौथ्या खेपेला पाणी जवळजवळ पाणीच होतं, तरी आतोबांनी बशी पुढे केली. मग पाकीट हातात घेऊन मागची किंमत वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. शंभर ग्रॅमला एवढे तर क्विंटलला किती, असं काहीतरी बोटांवर मोजलं.

"त्या मित्राला विचार रे," ते म्हणाले, "यंदा त्यांच्याकडे तुडतुडे कमी पडले तर आपल्याकडून नेतात काय. पोचवून देऊ."