बाळ केव्हा, कुत्रं केव्हा

पुण्या-मुंबईच्या बऱ्या सोसायट्यांमध्ये हल्ली कुणी कुत्रं पाळत नाही. तिथं बाळं वाढतात. बाळाला मम्मा असते, डॅडा असतो, वाढदिवसाला बिनसाखरेचा केक असतो आणि इन्स्टाग्रामवर स्वतःचं खातं असतं. असाच एक सिंबा, जातीनं सायबेरियन हस्की, एप्रिलमधल्या एका शनिवारी दिवेआगरला निघाला. त्याच्या खात्यावर डोंगर झाले होते, कॅफे झाले होते; समुद्र तेवढा बाकी होता.

सामानात बाळाचा गॉगल, फुलाफुलांचा शर्ट, तरंगायचं जाकीट आणि ड्रोन. पाण्याची बाटली एकच, ती मम्माची. कुत्र्याला समुद्रावर न्यायचं ते सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर, हे डॅडाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण सकाळी त्याला झोप हवी होती आणि संध्याकाळी ड्रोनला उजेड पुरत नाही. म्हणून मंडळी भर बाराला वाळूवर उतरली.

सिंबाचे पूर्वज बर्फावर गाड्या ओढायचे. त्या कामासाठी निसर्गानं त्यांना केसांचा दुहेरी कोट दिला, पण तो काढून खुंटीला टांगायची सोय दिली नाही. कुत्र्याला घाम येतो तो तळव्यांना, तोही नावापुरता. बाकी सगळी मदार जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. आणि कोकणची हवा आधीच इतकी दमट, की जिभेवरचं पाणी उडून जाणार कुठं? सिंबाची जीभ हातभर बाहेर आली. मम्मा म्हणाली, "बघ ना, किती हसतोय!"

वाळूवर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल, तर ती वाळू पंजांसाठी नाही. इतकी सोपी परीक्षा. पण ती द्यायला वाकावं लागतं, आणि मम्माच्या पायांत सँडल होते. सिंबा एकेक पाय झटकून उचलू लागला. डॅडानं त्यावर ढोलकी लावून रील केलं.

शहाळीवाल्या मावशींना राहवेना. "ताई, तहानलंय ते. पाणी पाजा."

"मावशी, तो बाहेरचं पाणी पीत नाही."

तोवर सिंबानं अरबी समुद्र प्यायला सुरुवात केली होती. त्या पाण्यात लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ. थोडं पोटात गेलं तर उलट्या-जुलाब, फार गेलं तर झटके. पुढे रापण ओढून झालेल्या जागी नको असलेले मासे पडले होते. त्यांत फुगणारा केंडही असू शकतो आणि त्याचं विष शिजवूनही जात नाही. डॅडा ओरडत राहिला, पण 'सोड' ही आज्ञा बाळाला शिकवलेलीच नव्हती. शेकहँड शिकवला होता.

जेवायच्या वेळी खानावळीच्या काकू दारात आडव्या आल्या. डॅडा भडकला. "तो आमचा मुलगा आहे. तुमचं मूल बाहेर बांधून जेवाल का तुम्ही?" काकू बिचाऱ्या वरमल्या. तासाभरानं मुलगा किनाऱ्यावर मधोमध बसला आणि ढीग घालून उठला. एका आजोबांनी हटकलं, तर हाच डॅडा म्हणाला, "अहो, जनावर आहे ते, त्याला काय कळतं?"

या खात्यात अशा नोंदी सोयीनं होतात. हक्क सांगायचा तर बाळ, निस्तरायचं तर जनावर. सिंबा मोकळा सुटून लहान पोरांच्या अंगावर गेला तेव्हा तो बाळ होता; "खेळतोय फक्त." वाळू उकरू लागला तेव्हा पुन्हा कुत्रा झाला, "स्वभाव असतो त्यांचा." कोकणच्या या वाळूत ऑलिव्ह रिडले कासविणी नोव्हेंबर ते मार्च अंडी घालून जातात, एका खड्ड्यात शंभराच्या आसपास, आणि पिल्लं फुटायला दीड-दोन महिने लागतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात या कासवाचं नाव पहिल्या परिशिष्टात आहे. पण कायदा कुत्र्याला वाचता येत नाही आणि वाचता येणाऱ्यानं पट्टा गाडीत ठेवलेला.

शेवटी बाळाचे पाय भाजतायत हे ध्यानात आलं. उपाय डॅडाला साजेसा होता: त्यानं गाडीच वाळूवर आणली. जाळं विणत बसलेले तांडेल म्हणाले, "दादा, आज चतुर्थी. तिथीची पाऊणपट करा. तीनला भरती भरेल." डॅडानं मोबाइल पाहिला. रेंज नव्हती, म्हणून भरतीही नसणार असं ठरलं. तीनला चाकं रुतली, पाणी दारापर्यंत आलं, आणि मम्मा-डॅडा ट्रॅक्टर शोधायला धावले.

त्या गडबडीत सिंबा आडवा झाला. कुत्र्याचं अंग एरवीच ३८-३९ अंश असतं. ४१च्या पुढं गेलं की उष्माघात. मावशींनी आकडे मोजले नाहीत. त्याला सुरूच्या सावलीत ओढलं, पोटावर आणि पायांवर विहिरीचं पाणी ओतलं, सुपानं वारा घातला आणि पोराला जनावरांच्या डॉक्टरकडे पिटाळलं. दिवसभरात सिंबाकडे कुत्रा म्हणून बघणारं ते पहिलं माणूस.

समुद्रावरून आल्यावर अंगाचं मीठ गोड्या पाण्यानं धुवायचं आणि कान कोरडे करायचे असतात. डॅडानं ते मन लावून केलं, गाडीचं. मग या किनाऱ्याला एक तारा दिला: सावली नाही, पाणी नाही, स्थानिकांना प्राण्यांबद्दल आस्था नाही.

आता सोसायटीतर्फे सरकारकडे निवेदन जातंय, किनारे बाळस्नेही करा म्हणून. निवेदनावर सिंबाच्या पंजाचा ठसाही आहे. त्यासाठी मात्र आठवडाभर थांबावं लागलं, पंजाचे फोड बसेपर्यंत.