चिंधी अजून आयली नाय

वईच्या पलीकडे काकी सुकट वाळत घालत होत्या, अलीकडे मी पापड. आमच्या गडब गावात वैशाखात आम्ही दोघी काम करतो ते हातांनी. तोंडं मोकळीच असतात.

"रातच्याला पोरानं टीव्हीवर 'जैत रे जैत' लावला," काकी म्हणाल्या. "आपल्या कर्नाल्याचा सुलका! मना वाटलं, यो तं पनवेलला जाताना रोज दिसतो त्योच."

"तोच. गोनीदांच्या पुस्तकात त्याला लिंगोबाचा डोंगर म्हणतात."

"म्हंजी पुस्तक पन हाय?"

एवढं पुरलं मला. पुस्तक आधीचं, गो. नी. दांडेकरांचं. जब्बार पटेलांचा सिनेमा १९७७चा, पटकथेला सतीश आळेकरांचा हात. मी पुस्तक आधी वाचलं, सिनेमा नंतर पाहिला, आणि तेव्हापासून माझी एक तक्रार आहे. पुस्तक नाग्याचं आहे आणि सिनेमा चिंधीचा झालाय.

"झाला तं झाला. ती स्मिता पाटील नसती तं कोन बगनार?"

"तेच ना काकी! बिचाऱ्या नाग्याकडे कुणी बघतच नाही."

ठाकरांच्या भगताचा पोर तो, ढोल वाजवणारा. पुण्यवंतालाच राणीमाशी दिसते असं ऐकतो, आणि खोटं न बोलता, पाप न करता पुण्य साठवत बसतो. आपण पोस्टात पैसे साठवतो तसं. आणि माशी दिसते कुठली, उलट एक डोळाच घेऊन जाते! पुस्तकात त्याचा राग पानापानाने मुरतो. देवाशी भांडायला एवढा वेळ लागतोच माणसाला. सिनेमात मोहन आगाशेंना तेच काम चेहऱ्यावर उरकावं लागतं. करतात ते छान. खरोखरीचे मनाचे डॉक्टर आहेत ते. पण नवऱ्याशी काडी मोडून आलेली चिंधी समोर उभी राहिली की कॅमेऱ्यालाही नाग्याचं देवाशी असलेलं भांडण आठवत नाही.

"गाणी तं पुस्तकात नसतीन," काकींनी डाव टाकला.

इथे मात्र मी गप्प. चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या, शब्द ना. धों. महानोरांचे. माझ्या कानाला तो ठाकरांचा ढोल पुस्तक वाचताना ऐकू येतो, पण तो सिनेमा पाहिल्यानंतर. आधी येत नव्हता, हे कबूल.

"कुठला गो यो महानोर?"

"पळसखेड्याचा. अजिंठ्याच्या बाजूला."

"तिकडं तं पानी नाय म्हनतान. मंग गान्यात लिवायला त्याला आमचा पावूस कसा कलला?"

"वाट बघणाऱ्याला कळत असेल."

"आसंल. आमाला काय, पावूस आयला का खाडीचा बांद फुटायचा घोर."

तेवढ्यात वाडीवरची ठाकरीण करवंदांची पाटी घेऊन आली. काकींनी तिलाच पंच केलं आणि सगळी गोष्ट सांगून टाकली. नाग्या सूड म्हणून मधाची पोळी उतरवायला कड्यावर चढतो, जिंकतो, पण त्याच माश्यांच्या तडाख्यात चिंधी मरते. जैत झाली खरी, पण दाखवायची कुणाला? सांगताना काकींचा गळा भरून आला.

ठाकरीण पानावर करवंदं मोजत होती. मान वर न करता म्हणाली, "येवढ्या माश्या उठल्या म्हंजी धूर कमी पडला."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. तिच्या भावाने कधीतरी मध काढला असणार. सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला हे सांगायचं माझ्या ओठावर होतं, ते मी गिळलं.

पाटी डोक्यावर घेताना तिने विचारलं, "त्या बायला पोरबाळ नव्हतं ना मागं?"

मी पुस्तक आणून वईवरून काकींना दिलं. चार दिवस झालेत. काकी दहाव्या पानावर आहेत आणि रोज सकाळी सुकट उलटताना ओरडून सांगतात, "चिंधी अजून आयली नाय गो!"