डावी बाजू

आमच्या श्रीगोंद्यात लिंबाचे भाव पडले की अख्ख्या गावाचं तोंड आंबट होतं. इतका मानाचा जिन्नस, पण ताटात आला की त्याची जागा ठरलेली: मिठाशेजारी, डावीकडे. चटणी, लोणचं, कोशिंबीर ही मंडळीही तिथंच. त्या सगळ्यांचं नावच मुळी ‘डावी बाजू’. ज्याच्यावाचून भाकरी घशाखाली उतरत नाही ते डावीकडे वाढायचं, पण डाव्या हातानं खायचं मात्र नाही, हा नियम मला चौथ्या वर्षी कळला. कळला म्हणजे गालावर उमटला.

मी डावरा. घरातला पहिलाच, असं आजी सांगायची. ‘आमच्यात न्हाई बाबा कुणी असं,’ म्हणताना ती माझ्याकडं नाही, आईकडं बघायची. मामा आले की त्यांना पाणी द्यायला ती स्वतः उठायची, आणि तांब्या ते कुठल्या हातानं धरतात हे डोळ्यांत तेल घालून पाहायची. मामा बिचारे उजव्या हातानं प्यायचे. मग ‘ह्यांच्या मागच्या पिढीत असंल,’ असा निकाल लागायचा.

भाषाही आजीच्याच पक्षातली. चांगला तो उजवा, नको असेल त्याला डावलायचं, लेकींची लग्नं लावली की त्या उजवल्या. नाही म्हणायला सव्यसाची अर्जुन माझ्या बाजूचा. त्याचं कौतुक कशाचं, तर डाव्या हातानंही तो बाण सोडायचा. पण त्याची आजी अंबालिका तो लहान असतानाच वनात निघून गेली होती, हेही ध्यानात घ्यायला पाहिजे.

शाळेत पाटीवर मी पुढं लिहायचो आणि माझाच तळवा मागून पुसत यायचा. बाईंना वाटायचं, पोरगं काही लिहीतच नाही. पंगतीत माझं कोपर शेजाऱ्याच्या आमटीत. ऊसतोडीला हौसेनं कोयता घेतला, तर तात्यांनी मला सरीच्या पार कडेला नेऊन उभं केलं आणि म्हणाले, ‘आता हितनं तुझं तू आन् ऊस.’

शेवटी आजीनं मला सिद्धटेकला नेलं. अष्टविनायकांतला हा एकटाच उजव्या सोंडेचा, त्यामुळे कडक. प्रदक्षिणा घालायची तर टेकडीसकट. ‘देवाची सोंड बघ कुठं वळलीया, तसा तुझा हात वळू दे म्हण,’ आजी पुटपुटली. मी नीट बघितलं. देव समोर तोंड करून बसलेला. त्याची उजवी बाजू ती माझी डावी. सोंड सरळ माझ्या हाताकडं वळलेली होती. मी मनापासून नमस्कार केला आणि तेवढ्या आनंदात प्रसादाला डावा हात पुढं केला. परतीच्या वाटेवर माझा गाल भीमेच्या वाऱ्यालासुद्धा गार होईना.

2000 साली माझे दिवस पालटले. श्रीरामपूरचा जहीर खान भारताकडून खेळायला लागला. आपल्याच जिल्ह्यातला, तोही डाव्या हातानं टाकणारा! गल्लीतल्या पोरांनी माझ्या हातात नवा चेंडू दिला. माझे चेंडू बहुतेक गटारात जायचे, पण डावरे असल्यामुळे ते मुद्दाम टाकलेत असा समज होता. फक्त तात्या बधले नाहीत. टीव्हीकडं बोट करून म्हणाले, ‘बॅट बघ की त्याची. उजवीच हाय.’ तेंडुलकरांच्या घरी तरी काय वेगळं? सचिन बॅट धरतो उजव्या हातानं आणि सही करतो डाव्यानं. त्याचा मुलगा अर्जुन टाकतोही डाव्या हातानं आणि खेळतोही डावराच. त्यांच्या घरी पाहुण्यांना तांब्या कोण देतं, कुणास ठाऊक.

यंदा माझ्या लेकीनं पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि चौकशी पुन्हा उघडली. या खेपेला आरोपी आयता सापडला होता. मी आजीला शास्त्र सांगायला बसलो: आईबाप दोघं उजवे असले तरी दहातलं एखादं पोर डावरं निघतं, एकजण डावरा असला तर पाचातलं एक, आणि दोघं डावरे असले तरी त्यांची बहुतेक पोरं उजवीच. ‘म्हंजी कुणाचाच दोष न्हाई?’ आजीनं विचारलं. तिचा चेहरा पडला.

आणि हे समजावता समजावता माझ्या डोक्यात भलताच हिशेब सुरू झाला. उजव्या हाताची चपराक समोरच्याच्या डाव्या गालावर बसते. शाळेत बाईंनी मारलेली तिथंच बसायची. मग आजीची कुठं बसायची? मी गालावरून हात फिरवला. उजव्या. दर वेळी उजव्या. सिद्धटेकलासुद्धा.

पुराव्याशिवाय ऐंशीच्या बाईवर आळ घ्यायचा नसतो. अंगणात लिंबाची पाटी होती. आजी ओसरीवर बसून वाती वळत होती. मी एक लिंबू उचललं, ‘आजे!’ म्हणून हाक मारली आणि फेकलं.

तिनं ते डाव्या हातात झेललं. अलगद.

क्षणभर तिनं मुठीकडं पाहिलं. मग आई स्वयंपाकघरात आहे ना, याचा अंदाज घेतला, लिंबू हळूच उजव्या हातात घेतलं, हुंगलं आणि म्हणाली, ‘नासकं हाय. दुसरं आण.’